पाच पायऱ्यांचं इंजिन

"जळली! गाडी जळली! पाणी आणा, पाणी!"

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी ओरडत होते, तेही तोंडातला ब्रश न काढता. लुंगीसारखी नेसलेली वेष्टी गुडघ्यांवर दुमडलेली, हातात लाल बादली. मूळ आरडाओरडा तमिळमध्ये होता आणि माझ्या भाषांतरापेक्षा कितीतरी सरस होता, पण टूथपेस्टच्या फेसासकट तो मराठीत आणणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांच्यासमोर पार्किंगमध्ये आमची गाडी उभी होती. म्हणजे असावी. दिसत होता तो नुसता धूर. आधी पांढरा, मग निळा, मग काळा. वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीतले कावळे त्या सकाळी जे उडाले ते थेट समुद्रावर जाऊन बसले, असं मला नंतर कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका.

आणि त्या धुराच्या पोटात, ड्रायव्हरच्या सीटवर, माझे सासरे बसले होते.

"जळली नाही!" मी सेक्रेटरींवर आवाज चढवला. "चालू झालीय!"

कसं झालं ते सांगतो, आणि जमेल तेवढं खरं सांगतो.

मी कोल्हापूरकडचा. गेली बारा वर्षं अंबत्तूरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांच्या मुठी डिझाइन करतो. फक्त मुठी. आतली, बाहेरची, डावी, उजवी. इंजिन या वस्तूशी माझा संबंध पगाराच्या स्लिपवर 'ऑटोमोबाइल' हा शब्द छापलाय तेवढाच. बायको तंजावरच्या मराठी घरातली. तिचे पूर्वज कधीकाळी घोड्यांवर बसून इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. सोबत आणलेली मराठी त्यांनी तेव्हापासून धुऊनपुसून तशीच वापरात ठेवलीय, वरून तमिळचा हात फिरवून. सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणायचं, एवढं एक मला तिथे सोपं गेलं. आमच्याकडची जुनी माणसंही तसंच म्हणतात.

गाडी मामांची. पांढरी, डिझेलची, गोल पाठीची, बायकोपेक्षा दोनतीन वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वीच्या वादळी पावसात पार्किंगमध्ये बॉनेटपर्यंत पाणी चढलं. पाणी उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी मामांना धीर धरवेना. मेकॅनिक येईपर्यंत थांबा, असं तीन मजल्यांवरून तीन माणसं ओरडत असताना त्यांनी चावी फिरवली. इंजिनात शिरलेलं पाणी पिस्टनना दबेना. धाड् असा एकच आवाज आला आणि इंजिन जाम झालं ते झालंच.

त्यानंतर त्यांनी गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. विकायची नाही, दुरुस्त करायची नाही. रोज सकाळी कॉफी झाली की दोन जिने उतरून यायचे, त्या मेलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, काच खाली करायचे आणि पेपर वाचायचे. पहिल्या पानापासून टेंडरच्या नोटिसांपर्यंत, पाऊण तास. मग आरसा पुसून वर. "बाबा दिवसभरात दहा शब्द बोलतात," बायको म्हणायची, "त्यातले आठ गाडीशी."

बिल्डिंगमध्ये फ्लॅट दहा आणि गाड्यांच्या जागा आठ. नियम असा, की ज्याची गाडी चालते त्याला जागा. सेक्रेटरींनी नवी इलेक्ट्रिक गाडी बुक केली होती, आणि चार्जिंगचा पॉइंट बसवायला सगळ्यात सोयीची भिंत नेमकी आमच्या गाडीच्या पाठीमागची. नवरात्र संपल्यावरच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले.

"भोगीला आपण काय करतो? जुनं ते सगळं बाहेर काढतो. यंदा भोगीच्या दिवशी पार्किंगमधलंही जुनं बाहेर. जी स्वतः चालत नाही ती गाडी नव्हे, भंगार. भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय."

आमच्याकडे भोगीला भाजी करतात, इथे जाळपोळ. पोंगलच्या आदल्या दिवशी, उजाडायच्या सुमारास, फाटकी चटई, मोडकी टोपली, जुने कपडे असं सगळं दारात आणून पेटवून देतात आणि घर नव्यासाठी मोकळं करतात. सेक्रेटरींनी सणाच्या नावावर निकाल लावला होता. बोलायची सोय नव्हती.

मामा मागच्या खुर्चीवर होते. मान खाली. त्यांनी पायातल्या चपला एकमेकींशी नीट जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. ते मी पाहिलं आणि माझ्यातलं कोल्हापूर उठलं.

"भोगीला ही गाडी स्वतःच्या इंजिनावर गेटाबाहेर जाईल," मी म्हणालो, "आणि स्वतःच्या इंजिनावर परत येऊन ह्याच जागी उभी राहील. इंजिन मी बांधणार. घरी!"

"तुम्ही?" सेक्रेटरींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पण सार, तुम्ही तर मुठी करता ना?"

सगळे हसले. बायकोसुद्धा. तो खोकला होता असं तिनं नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी मी मांडववाल्याकडून सुरूच्या तीन बल्ल्या आणल्या, तिघींची डोकी एकत्र बांधली, मध्ये साखळीची पुली अडकवली आणि इंजिन उपसून काढलं. ते वर आलं तेव्हा बिल्डिंग एका बाजूनं दोन इंच वर उचलली गेली. खोटं वाटत असेल तर आमच्या जिन्याची पहिली पायरी येऊन बघा. लोखंडी ब्लॉक खाली एका टायरवर ठेवला, बाकीचं सगळं खोलून वर घरात नेलं. कसं खोलायचं ते मोबाइलवर व्हिडिओ बघत शिकलो. पहिले आठ दिवस मामा जिन्यात उभे राहून नुसते बघत होते. नवव्या दिवशी मी एका बोल्टाशी अर्धा तास झुंजत असताना मागून हात आला. हातात पाना.

"चौदाचा नव्हे. सतराचा."

त्या दिवशी त्यांचे दहाचे पंधरा शब्द झाले.

अंबत्तूरला आमच्या कारखान्यामागे एक मशीन शॉप आहे. जेवणाच्या सुट्टीत मी ब्लॉक आणि पिस्टन टेम्पोतून तिथे नेले. मालकानं प्रत्येक सिलिंडरमध्ये गेज घालून मापं घेतली, गंज घासून काढला आणि मला बजावलं, "नशीबवान आहात. पिस्टन तेच चालतील, रिंगा नव्या घाला. पण ज्याचा पिस्टन त्यालाच. ज्याचा व्हॉल्व्ह त्यालाच. अदलाबदल केलीत तर माझ्या दारात रडत येऊ नका."

म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा ठेवायला हवा. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार संसार मांडायचे कुठे? माझी नजर गेली गोलूच्या पायऱ्यांवर. नवरात्रात इथे घरोघर बाहुल्यांची आरास मांडतात, तिला गोलू म्हणतात. लोखंडी घडीच्या पायऱ्या, वर पांढरं कापड, आणि त्यावर देव, राजे, वरात, वाणी, वाण्याची बायको. मामींच्या दोनशे बाहुल्या आहेत. नवरात्र संपून बाहुल्या पेटीत गेल्या होत्या, पायऱ्या रिकाम्या होत्या. मी मागितल्या. मामींनी एक अख्खा दिवस विचार केला.

"देवांची जागा ती," शेवटी म्हणाल्या. "तेल नकों सांडूं द्या."

मी चार पायऱ्या मांडल्या. एका पायरीवर एका सिलिंडरचं सगळं: पिस्टन, त्याचा रॉड, दोन व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारा नोझल. मामा म्हणाले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. मी हसलो. "मामा, मी डिझाइनमधला माणूस. आमची सिस्टीम असते. चार सिलिंडर, चार पायऱ्या. चिठ्ठी कशाला?" हे वाक्य लक्षात ठेवा. मला आजही विसरता येत नाही.

मग व्हॉल्व्ह घासायचे. इंजिनाच्या डोक्यात आठ व्हॉल्व्ह आणि त्यांची आठ घरं. घराच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, व्हॉल्व्हला काठी चिकटवायची आणि ती दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवत बसायचं, दोघांची कडा एकजीव होईपर्यंत. रोज सकाळी ऑफिसच्या आधी एक तास. पहिल्या व्हॉल्व्हला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अय्यो, तसें नव्हे. मनगट सैल सोडा. आणा इकडे."

त्यांनी तो आणि पुढचे सगळे घासले. मी काठीला पेस्ट पुरवायचं काम केलं. बारा वर्षांच्या अनुभवी इंजिनिअरला एवढं जमतं.

भोगी तीन दिवसांवर आली. सगळं घासून, पुसून, तयार. दुसऱ्या दिवसापासून मी सुट्टी टाकली होती. माझ्याशिवाय मुठींना तीन दिवस काढावे लागणार होते. संध्याकाळी घरी आलो, दार उघडलं, आणि हातातला डबा खाली पडला.

हॉलमध्ये पाच पायऱ्या होत्या. वर पांढरंशुभ्र कापड. सगळ्यात वर पितळी गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन नोझल, उदबत्तीच्या घरांसारखे. खालच्या पायरीवर चारी पिस्टन रॉडांसकट, राजे बसवावेत तसे. त्याखाली आठ व्हॉल्व्ह, उंचीप्रमाणे. त्याखाली बारीकसारीक, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. सगळ्यात खाली हळदीकुंकू आणि विड्याची पानं. प्रत्येक पिस्टनच्या कपाळी कुंकू होतं.

"चार पायऱ्या होत्या," मामी म्हणाल्या. "सम. तीन महिने मी डोळे मिटून घेतले. सणाला घरांत चार पायऱ्या ठेवूं? तीन, पांच, सात, असें पाहिजे. पांच केल्या. पाहा, कशा शोभतात."

शोभत होत्या. ते मी त्या क्षणीही नाकारलं नसतं. पण कबूल करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतोच. मी ओरडत होतो. काय ओरडलो ते लिहीत नाही, मामी वाचतील. बायकोनं आधी बाल्कनीचं दार लावलं, मग खिडक्या. रॉडांवर कारखान्यानं ठोकलेले आकडे असतात, पिस्टन एक वेळ त्यावरून लागतील. पण व्हॉल्व्ह? आठ व्हॉल्व्ह, एकावरही खूण नाही. पुन्हा घासायचे तर दोन आठवडे, आणि हातात तीन दिवस.

मामा सोफ्यावर बसले. त्यांनी गाडीची चावी खिशातून काढून टीपॉयवर ठेवली.

"असूं दे," ते म्हणाले. "भंगारवाल्यास येऊं दे."

मी खाली पडलेला डबा उचलला. ओरडण्यासारखं काही उरलंच नाही.

"काय झालें तें नीट सांगा," मामी म्हणाल्या.

मी सांगितलं. हे ज्याचं त्याला जायला हवं. मी ठेवलं होतं तसं. नाहीतर इंजिन श्वास धरणार नाही, चालू होणार नाही.

"म्हणजे जेथें होतें तेथेंच पाहिजे?"

"हो."

"मग तसें आधीं सांगायचें की. बाजूस व्हा."

त्यांनी पदर खोचला. पाचवी पायरी काढून भिंतीला लावली, जणू घरावरचा एखादा दोष मुकाट्यानं पत्करतायत. मग एकेक वस्तू उचलायची, बोटानं कड चाचपायची, आणि ठेवायची. "हा दुसरीवरला. ह्याच्या गळ्याशीं काळा डाग. हा पहिलीवरला, डावीकडे. हा मी शुक्रवारीं घासला, फार त्रास दिला मेल्यानें." कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत चारी पायऱ्या भरल्या होत्या.

तुम्हाला ही थाप वाटेल. मलाही वाटली. मी चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि रॉडांवरचे आकडे बघितले. तेलाखाली झाकलेले, तांदळाच्या दाण्याएवढे. मामींना ते वाचता येणं शक्य नव्हतं. पहिल्या पायरीवर एक. दुसऱ्या पायरीवर दोन. तीन. चार.

"दोनशे बाहुल्या वर्षभर पेटींत असतात," मामी हात धूत म्हणाल्या. "वाण्याच्या बायकोचा कान तुटका, तो दर वर्षी भिंतीकडे. चाळीस वर्षें. हीं तर चार पिस्टनें आणि आठ काड्या."

व्हॉल्व्हना आकडे नव्हते, त्यांची परीक्षा बाकी होती. ते डोक्यात बसवले, डोकं उलटं ठोकळ्यांवर ठेवलं, खाली कोरा पेपर अंथरला, आणि वरून चारी खळग्यांत डिझेल ओतलं. एखादाही व्हॉल्व्ह भलत्याच घरात असता तर गळायला हवा होता. एक तास आम्ही चौघं त्या पेपरभोवती बसून होतो. तासानं मामा वाकले. पेपरावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"कोरडा," ते म्हणाले. आणि टीपॉयवरची चावी उचलून खिशात टाकली.

पुढचे दोन दिवस मी जेवलो की नाही ते आठवत नाही. बायको म्हणते चार वेळा जेवलास, तेही दुसऱ्यांदा वाढून घेऊन. असेल. मामा पाने देत होते, मी आवळत होतो, मामी वर येता-जाता मोजत होत्या की पायऱ्यांवर काही राहिलं तर नाही. राहिलं नाही. भोगीच्या आदल्या दुपारी इंजिन पुन्हा बल्ल्यांना लटकून गाडीत उतरलं.

भोगीची सकाळ. गल्लीभर जुन्याच्या होळ्या, हवेत चटया जळल्याचा वास. गेटाशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा होता. मी डिझेलच्या नळीतली हवा हातपंपानं काढली, बॉनेट लावलं आणि मामांना म्हणालो, "बसा. फिरवा चावी."

मामा बसले. चावी घातली. आणि हात काढून घेतला.

"मीं नको," ते म्हणाले. "मागल्या वेळेस मींच फिरवली होती."

दोन वर्षं ह्या माणसानं ते एक वाक्य पेपरच्या आड धरून ठेवलं होतं. तेवढ्यात मागचं दार उघडलं, हातात नारळ आणि लिंबं घेऊन मामी आत शिरल्या, ऐसपैस बसल्या आणि पदर सावरला.

"फिरवा हो," त्या म्हणाल्या. "मी ठेवलें आहे सगळें जागेवर."

मामांनी फिरवली.

इंजिननं एकदा ढेकर दिला. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा सगळी गाडी शिंक आल्यासारखी थरथरली, आणि बांधताना मी सढळ हातानं जितकं तेल आत ओतलं होतं ते सगळं धूर होऊन बाहेर आलं. तिथेच सेक्रेटरी ब्रशासकट धावत आले. "जळली! जळली!" आणि मी उत्तर देईपर्यंत लाल बादली रिकामी झाली. बॉनेटवर, काचेवर, आणि निम्मी माझ्यावर.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पेट्रोलची गाडी असती तर तारा भिजून कदाचित गप्प झाली असती. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते पाण्याखाली निथळत तसंच धडधडत राहिलं, टक-टक-टक-टक, आणि मामांनी आयुष्यात पहिल्यांदा, सेक्रेटरींच्या तोंडावर, वायपर चालू केले.

"दुसरी बादली आणा, सार!" मी ओरडलो. "टेम्पोवाल्यालाही सांगा, हवी तितकी आणा!"

मामींनी उतरून चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. इथे सम चालतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गाडीनं चारी लिंबं चिरडली, गेटातून बाहेर पडली, भंगारवाल्याच्या टेम्पोला हॉर्न देऊन मागे सरायला लावलं, पेटलेल्या चटयांमधून वळसा घालत अख्खी गल्ली फिरली आणि परत येऊन त्याच जागी, त्याच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाल्कन्यांमध्ये दोन हजार माणसं होती. बरं, तीस. सेक्रेटरींनी त्याच दुपारी ग्रुपवर लिहिलं: "गाडी चालते. नोंद घेतली." चार्जिंगचा पॉइंट समोरच्या भिंतीवर गेला. त्यासाठी वायर चार मीटर जास्त लागली, आणि ती चार मीटर ते मला आजतागायत ऐकवतात.

दुसऱ्या दिवशी पोंगल. सकाळी मी बाल्कनीतून खाली पाहिलं तर गाडीची काच खाली होती, आणि ड्रायव्हरच्या सीटवर पेपर उघडा. मी तसाच अनवाणी दोन जिने उतरलो. माझी तीन नखं काळी होती, पाठ धरली होती, आणि बॉनेटखाली वेस्ट मांबलममधलं सगळ्यात ठणठणीत इंजिन गप्प बसलं होतं.

"मामा!" मी म्हणालो. "आता चालते गाडी! तिच्यात नुसतं बसून काय राहिलात? चला, कुठं जायचं सांगा. समुद्रावर? तंजावरला? कन्याकुमारीपर्यंत नेईल ती, मी सांगतो!"

मामांनी पान उलटलं.

"पेपर होऊं दे."